सातेरी देवीचा पासपोर्ट

मंडळी, आज एक साधा प्रश्न घेऊन उभा राहिलोय. साधा म्हणजे किती साधा — परदेशातल्या बँकेच्या फॉर्मवरचा! तुम्ही म्हणाल, बुवा, देवळात उभं राहून बँकेचा फॉर्म? हो! प्रश्न चांगला असला की तो कुठे छापलाय ते बघू नये. त्या फॉर्मवर विचारतात — ह्या धंद्याचा अखेरचा लाभ कोणाला? खरा धनी कोण?

बघा हं! आमचे थोर लोक पिढ्यान्‌पिढ्या घसा कोरडा करून हेच सांगतायत — बाबा रे, माझं माझं म्हणतोस, त्याचा खरा धनी कोण ते शोध! कोणी ऐकलं नाही. बँकेनं विचारलं, आणि खाली लिहिलं, 'उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही' — की लगेच चष्मा शोधतो माणूस!

ओ पहिल्या रांगेतले काका, तुम्ही सांगा. खरा धनी कोण? — देव! वा! देवळात बसल्यावर उत्तर देवच. पैकीच्या पैकी! पण मंडळी, नेमकं हेच उत्तर गौरेश मेस्त्रीनं अशाच एका फॉर्मवर दिलं, आणि जो घोळ झाला तो झाला. कारण खरं उत्तरसुद्धा कधीकधी पळवाट असते. ती कशी? — पेटीवाले, जरा सूर धरून ठेवा — ऐका!

कुडाळपासून आत गेलात, नदी ओलांडलीत, की आडेवाडी. वाडीच्या मधोमध सातेरीआईचं देऊळ. गौरेशचे वडील सुतार. फणसाच्या लाकडाचे पाट करावेत तर त्यांनीच! मुलगा मात्र कॉम्प्युटर शिकला, कोल्हापूरला. तिथं त्याच्याच वर्गात होती शलाका. ती पण तेच शिकली. एका वर्गातले, म्हणून लग्नानंतरही अरे-तुरे. दोघांनी पुण्यात नोकऱ्या केल्या, कंटाळले, आणि गावात येऊन राहिले. लोक म्हणाले, येडी झाली काय ही दोघां? — लोक म्हणायचेच!

आता मला सांगा, फणस पिकलाय की नाही हे कसं ओळखतात? वाजवून! बोटाच्या पेरानं टकटक केलं की कच्चा बोलतो टणटण, आणि पिकलेल्याचा आवाज बसतो — सर्दी झालेल्या गवयासारखा! पण हे कळणारे कान आता राहिले किती? तर ह्या दोघांच्या डोक्यात आलं, फोनला हे शिकवावं. फोन फणसाला लावा, वर टिचकी मारा, फोन सांगेल — आज कापा, किंवा राहू दे दोन दिवस! (मी गौरेशला म्हटलं, अरे, असंच एक डोकी वाजवून बघणारं काढ. सुरुवात कीर्तनकारांपासून कर!)

काम कसं वाटून घेतलं ते नीट ऐका, पुढे लागणार आहे. गौरेशनं प्रोग्राम लिहिला. पण फोनला शिकवायचं म्हणजे काय? फणस वाजवायचा, आवाज साठवायचा, आणि मग कापून बघायचं — खरंच पिकला होता का? एक नाही, दोन नाही, फणसांच्या राशीच्या राशी! हे शलाकानं केलं. दोन हंगाम! कोपरापर्यंत खोबरेल चोपडून बसायची, तरी चीक जायचा नाही. वाऱ्याचा आवाज शिरला की फोन चुकतो, हे तिनंच शोधलं. आणि ॲप बाहेर पडल्यावर जगभरातली माणसं पत्रं पाठवायला लागली, तेव्हा इंग्रजीत उत्तरंही तिनंच दिली. त्यात एकानं लिहिलं, ताई, आमच्याकडे फणस नाही, पण मी कलिंगडाला लावून पाहिलं, थोडं जमतं! गौरेश हसला. शलाका हसली नाही. बाजारात गेली आणि रिक्षा भरून कलिंगडं घेऊन आली!

आणि तिथे नशीब उघडलं. कारण जगात फणस कळणारे थोडे, पण कलिंगडाला टिचकी मारून गंभीर चेहरा करणारे? अमेरिकेत तेच, इथे तेच! कळत कोणालाच काही नाही, टिचकी मात्र सगळे मारतात! तर अमेरिकेतल्या एका फळांच्या दुकानांच्या साखळीचं पत्र आलं — तुमचं ॲप आमच्या सगळ्या दुकानांत ठेवू. हंगाम उजाडायच्या आत करार करा. अट एकच — आम्ही आमच्या देशातल्या कंपनीलाच पैसे देतो. तुमची कंपनी इथे हवी. नसेल तर राम राम, आम्ही दुसरं बघतो.

झालं! आडेवाडीत एसटी येते ती वळायला जागा नाही म्हणून उलटी जाते — आणि ह्यांनी काढायची अमेरिकेत कंपनी!

गौरेश गेला कुडाळला, वालावलकर सीएंकडे. वालावलकर म्हणाले, "घाबरतोस कशाला? तिथं न राहणाऱ्यालाही कंपनी काढता येते. घरबसल्या! तिथला पत्ता लागतो, तो भाड्यानं मिळतो. करखात्याचा नंबर लागतो, तो मी मागवतो. इथल्या सरकारला काय कळवायचं, ते मी कळवतो. तू फक्त भागीदारांची नावं आणि कोणाचा वाटा किती, तेवढं भर."

ऐकलंत? तेवढं भर! मंडळी, जगातली सगळी भांडणं ह्या 'तेवढ्या'तच असतात.

आता गौरेशची एक अडचण होती. पत्र आलं त्याच आठवड्यात जत्रा होती, आणि ह्या गड्यानं भर जत्रेत, पाच गावच्या मानकऱ्यांसमोर नवस बोलून टाकला — "आई सातेरी, ह्या काम होवंदे, धंद्यात अर्धो वाटो तुझो!" असा नवस आपल्याकडे नवा नाही. देवीला भागीदार धरायची चाल त्याच्या बापाचीही होती. प्रत्येक दहा पाटांमागे एक पाट देवळात! तिथं ते शोभलं. पाटाला पासपोर्ट लागत नाही!

गौरेश भाविक. फॉर्मसमोर बसला. पहिला भागीदार — गौरेश मेस्त्री, अर्धा. दुसरा भागीदार — पहिलं नाव? लिहिलं, सातेरी. आडनाव? लिहिलं, देवी! अर्धा! कॉम्प्युटरनं घेतलं! त्याला काय माहीत? त्याला वाटलं असेल, असतील कुणी देवींच्या सातेरीबाई! दोन दिवसांत कंपनी उभी. सर्टिफिकेट आलं, वर गरुडाचं चित्र!

गौरेशनं ते शलाकाला दाखवलं. तिनं वाचलं. वरून खाली वाचलं, पुन्हा खालून वर वाचलं. म्हणाली, "आणि मी?"

गौरेश म्हणाला, "अगो, तू काय येगळी? माझा ता तुझाच!"

शलाका उठली. पानावर भात वाढला, वर कढी वाढली. नवरे मंडळी, कानात तेल घालून ऐका — बायको भांडली तर भिऊ नका. भात वाढून गप्प बसली, तर मात्र सांभाळा!

पुढे बँक. पैसे यायचे तर खातं हवं. आणि सर्टिफिकेट देणाऱ्यानं जे विचारलं नव्हतं, ते बँकेनं विचारलं! ज्याचा वाटा चौथ्या हिश्श्याइतका किंवा जास्त, त्याची ओळख पटवा. पासपोर्ट पाठवा. राहत्या घराचं वीजबिल पाठवा. जन्मतारीख लिहा. आणि शेवटी फोनच्या कॅमेऱ्यासमोर येऊन तोंड दाखवा!

गौरेशचा घाम बघवेना! वीजबिल होतं — देवळाचं, पण समितीच्या नावावर. जन्मतारीख? अनादी! पण त्यांच्या कॅलेंडरात तेवढं मागं जाता येईना. तोंड दाखवायचं म्हणाल तर आई काळ्या पाषाणात उभी आहे, कोणालाही कधीही तोंड दाखवते. पण मान डावीकडे वळवा, आता उजवीकडे वळवा — असं सांगितल्यावर कशी वळवणार?

गौरेश सीएंकडे धावला. वालावलकरांनी कपाळाला हात लावला! "अरे, देवी हे आडनाव वाटलं मला! उत्तरेकडे बायका लावतात! माणसाचं नाव घाल की रे बाबा. हंगाम तोंडावर आलाय. ते दुकानवाले थांबायचे नाहीत."

माणसाचं नाव घाल. किती सरळ! पण नवस पाच गावांत गाजलेला. देवीला काढायची कशी? गौरेश रस्ताभर विचार करत आला. आणि मंडळी, माणूस कोंडीत सापडला की त्याला अक्कल सुचत नाही, युक्ती सुचते. घरात शिरता शिरता म्हणाला, "शलाका, माका सुचला! तुझो पासपोर्ट आसा. तू सातेरी म्हणान बस! नाव बदलल्याचा एक कागद केलो की झाला. देवीचो वाटोय ऱ्हवता, आणि बँकेचाय काम होता!"

शलाका कलिंगड कापत होती. सुरी खाली ठेवली. हात पुसले. आणि म्हणाली —

"देवी म्हणान मी चलतंय, गौरेश. मगे बायको म्हणान कित्याक चललंय नाय?"

...

पेटी थांबवा जरा.

पुन्हा सांगू? नको. ऐकू आलंय सगळ्यांना. ह्या बाजूला तर फारच चांगलं ऐकू आलंय! — त्या बाजूचे पुरुष छताकडे बघतायत. छत चांगलं आहे हो, गेल्या वर्षीच रंगवलंय!

खरं सांगायचं तर गौरेशला राग आला. माणूस चुकला की आधी राग येतो, लाज मागून येते, तिची गाडी नेहमीच उशिरा! त्याला वाटलं, मी सगळं हिच्यासाठीच करतोय ना? नवस काय माझ्या एकट्यासाठी बोललो? त्यानं ठरवलं, आता देवीलाच विचारू. तिनंच आपला वाटा सोडावा, आपण मोकळे!

सोमवारी सकाळी देवळात कौल. कोकणाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात, डावीकडे आणि उजवीकडे. प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण त्याआधी गाऱ्हाणं! सगळी हकीकत देवीपुढे खणखणीत आवाजात मांडायची, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी म्हणायचं — होय म्हाराजा! जमेल ना तुम्हाला? म्हणा बघू! — होय म्हाराजा! — हां, जमतंय. आता थांबू नका!

गाऱ्हाणं घालायला उभे राहिले बाबलीकाका. गावचे मोठे मानकरी. आवाज असा, की पलीकडच्या वाडीतली कुत्री उठून बसतात. मागे अर्धा गाव. बायकांच्या बाजूला शलाका. काकांनी हात जोडले —

"हे आई सातेरी म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू गौरेश तुझ्या पायाकडे इला म्हाराजा!"

— होय म्हाराजा!

"तेना तुका आपल्या धंद्यात अर्ध्या वाट्यार घेतल्यान म्हाराजा!"

— होय म्हाराजा!

"आता तो धंदो —" काका थांबले. मागे वळून गौरेशला म्हणाले, "रे, धंदो उलगडून सांग. देवीक अर्धवट सांगून चलाचा नाय. ता फणसाचा कोणी केला?"

गौरेश म्हणाला, "आम्ही केला."

"आम्ही म्हंजे कोण कोण?"

"मी... आणि शलाका."

"तू काय केलंस?"

"मी प्रोग्राम लिवलंय."

— होय म्हाराजा! म्हणा ना! तुम्ही गावकरी आहात आता!

"आणि तिणी?"

आता मंडळी, गौरेश आयुष्यात पहिल्यांदा हे मोठ्यानं बोलत होता. घरात कधी बोललाच नव्हता. घरात गरजच काय? तो म्हणाला, "तिणी... फणस वाजवल्यान."

— होय म्हाराजा!

"दोन हंगाम वाजवल्यान. कापून बघितल्यान."

— होय म्हाराजा!

"वाऱ्याची चूक तिणी शोधल्यान."

— होय म्हाराजा!

"लोकांच्या पत्रांका उत्तरा तिणीच दिल्यान. कलिंगडाचाय... तिचाच."

— होय म्हाराजा!

एकेका होय म्हाराजाबरोबर गौरेशचा आवाज खाली खाली जात चाललेला. काकांनी कानाला हात लावला. त्यांना काही ठाऊक नव्हतं हो! ते आपले सरळ पुढचं विचारत होते. देवीला वाटे सांगायचे, तर सगळे सांगायला नकोत? म्हणाले, "बरा. देवीचो अर्धो. तुझो अर्धो. मगे तिचो वाटो कितको?"

आणि मंडळी — कोणीही म्हणालं नाही.

होय म्हाराजा म्हणायला वाक्यच नव्हतं! समईची वात चरचरत होती, तेवढाच आवाज. अर्ध्या गावानं आधी गौरेशकडे बघितलं, मग शलाकाकडे. आणि गौरेशला लाज वाटली. साधी, सरळ लाज. अहो, आपल्या हातानं, जिचं अर्धं होतं तिच्या जागी आपण देवीला बसवलं — आणि वर पुण्य केलं म्हणून मिरवलो! देवाला देणं सोपं असतं हो. देव हिशेब विचारत नाही. देव 'आणि मी?' म्हणत नाही. ज्याला द्यायला हवं तो समोर बसून कलिंगड कापत असतो, त्याला देताना मात्र हात जड होतो!

गौरेश काकांना म्हणाला, "काका, मी तिचा नावच घालूक नाय."

काका देवीकडे वळले, आणि आवाज न चढवता म्हणाले, "आई, ऐकलंस मा? लेकरू चुकला. तू बसलंस ती जागा दुसऱ्याची आसा. सोडतस काय तेवढी?"

पाकळी कुठली पडली? उजवी! गुरव म्हणतो, शब्द संपायच्या आत पडली. त्याचा मेहुणा म्हणतो, पंखा चालू होता. मी वाद घालत नाही. पंखा चालू होता हे खरं आहे. पण पंखा सकाळपासून चालू होता!

संपलं? नाही. परत येताना नदीच्या साकवावर शलाका थांबली. म्हणाली, "गौरेश, देवीन सोडल्यान म्हणान माका गावलो, असो वाटो माका नको."

गौरेश घाबरला. "मगे?"

"माझो म्हणान होयो. तू तसा लिवून दी. दया म्हणान नको, परसाद म्हणानय नको."

गौरेश म्हणाला, "लिवतंय." इतकंच म्हणाला. आणि घरी जाऊन, जेवायच्या आधी, लिहिलं. नवा करार झाला — गौरेश मेस्त्री, अर्धा. शलाका मेस्त्री, अर्धा.

बँकेचा फोन आला. कॅमेऱ्यात एक गोरी बाई, नाकावर चष्मा, समोर कागद. दोघं शेजारी शेजारी बसले. बाईंनी शलाकाचा पासपोर्ट बघितला, मान डावीकडे वळवायला लावली, उजवीकडे वळवायला लावली. ह्या वेळी वळली! मग विचारलं — ह्या कंपनीचा अखेरचा लाभ कोणाला?

शलाका म्हणाली, "आम्हां दोघांना."

बाईंनी टिपलं. मग कागद उलटला, भुवई वर गेली. "इथे आधी एक भागीदार दिसतात. सातेरी देवी. त्यांनी कंपनी का सोडली?"

गौरेशनं शलाकाकडे बघितलं. आता काय सांगायचं? नवस सांगायचा? कौल सांगायचा? पंखा सांगायचा? खातं ह्या एका उत्तरावर लटकलेलं, आणि खात्यावर सगळा हंगाम.

शलाका शांतपणे म्हणाली, "त्या माझी जागा धरून बसल्या होत्या. आता मी आलेय."

बाई — तीही कोणाची तरी बायको असेल हो, कुणास ठाऊक — हसली, आणि शिक्का मारला.

हंगामाच्या आत ॲप दुकानांत लागलं. तिकडे लोक आता फोनला विचारून कलिंगडं घेतात. इकडे दर वर्षी झाडावरचा पहिला फणस सातेरीआईच्या पायाशी जातो. दोघं मिळून नेऊन ठेवतात. वाजवून बघत नाहीत. देवीला दिलेलं वाजवून बघू नये, आणि बायकोला द्यायचं ते देवीच्या नावावर खपवू नये!

तर मंडळी, प्रश्न काय होता? खरा धनी कोण? देव — उत्तर बरोबरच आहे, मी कुठे नाही म्हणतोय! पण ते उत्तर देताना आधी शेजारी बघा. तुमच्या घराच्या पाटीवर नाव कोणाचं आहे? दुकानाच्या फळीवर? 'आणि सन्स' लिहिलंय, ठीक. सन्सना वाढवलं कोणी? आणि ही समई — आज इथे वाती वळल्या कोणी? माहीत आहे कोणाला? मलाही माहीत नव्हतं. आत्ता विचारून घेतलं — त्या मागे खांबाला टेकून बसलेल्या राधाक्का. राधाक्का, नमस्कार!

आता आरती. पण आधी शेवटचं गाऱ्हाणं मी घालतो. हात जोडा!

हे आई सातेरी म्हाराजा! इथे बसलेल्या ज्या कोणी घरच्या माणसाचा वाटा 'तुझं माझं काय वेगळं' म्हणून गिळला असेल म्हाराजा —

— होय म्हाराजा!

— त्याला आज घरी पोचायच्या आत त्या माणसाची आठवण होवो, आणि उद्या सकाळी ते नाव कागदावर चढो म्हाराजा!

...

अहो, हा आवाज एकाच बाजूनं आला!

आरती थांबली आहे. कापूर हातात आहे. मला घाई नाही. पुरुष मंडळी — पुन्हा एकदा!